धडकेनंतरचं मशीन

खुटबाव गावाच्या उत्तरेने वाहणारी मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते आणि ते पाणी उजनी धरणाच्या फुगवट्यात जाऊन थांबतं. या वाटेवर पाण्याखाली बरंच काही दडलेलं आहे. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे खांब आहेत, बाभळीची खोडं आहेत, महसूल खात्याने जिलेटिन लावून उडवलेल्या वाळूच्या बोटींचे सांगाडे आहेत. उजनीत तर अख्खी गावंच बुडालेली: घरांच्या भिंती, विहिरी, पळसदेवचं देऊळ. धरण भरलेलं असतं तेव्हा यातलं काही आडवं येत नाही. ऐन उन्हाळ्यात पाणी आटलं की सगळं उघड्यावर येतं. घात होतो तो मधल्या दिवसांत, भिंत पाण्याच्या हातभर खाली असते तेव्हा.

तो मार पहिल्यांदा खातं ते बोटीच्या मागच्या फळीला शिकंज्यांनी आवळलेलं मशीन. आउटबोर्ड मोटर, आपत्ती दलाच्या जवानांच्या तोंडी ‘ओबीएम’. ओले एव्हिनरूड यांनी अमेरिकेत 1909 साली ते विकायला काढलं, तेव्हापासून मांडणी तीच आहे: वर इंजिन, मधून उभा दांडा, खाली गिअरची पेटी आणि पंखा. बोटीच्या तळापेक्षा खाली उतरणारा भाग म्हणजे ही पेटी, म्हणून दगड गाठतो तो तिलाच. 2019 च्या महापुरात सांगली-कोल्हापूरच्या रस्त्यांवर बोटी फिरल्या, तिथे तर कुंपणाच्या भिंती आणि उभ्या गाड्याच पाण्याखाली होत्या.

धडकेनंतर मशीन पुन्हा सुरू झालं की “चालतंय ना, मग कशाला खोलायचं?” असं म्हणायची आपल्याकडे रीत आहे. माझ्या मते या यंत्राचा सगळ्यात मोठा शत्रू हे वाक्यच. पंख्याचं वाकलेलं पातं किंवा पंख्याखालच्या उभ्या पात्याचा उडालेला टवका कुणालाही दिसतो, आणि तेवढंच नुकसान असेल तर स्वस्तात सुटलो म्हणायचं. खरी दुखापत आत असते.

म्हणून आधी इंजिन बंद, गिअर न्यूट्रलला, सुरक्षेची दोरी काढलेली आणि प्लगच्या वायरी सोडलेल्या. मग पंख्याच्या मधोमध, दांड्याच्या टोकाशी एक काडी स्थिर धरायची आणि पंखा हाताने सावकाश फिरवायचा. टोक आणि काडी यांतलं अंतर कमी-जास्त होत असेल तर दांडा वाकला. वाकलेला दांडा फिरताना सीलला घासतो, सील गळतं आणि गिअर ऑईलमध्ये पाणी शिरतं. हे त्याच दिवशी कळत नाही, हीच मेख. थोडे दिवस बोट चालवावी, मग मशीन रात्रभर उभं ठेवून सकाळी पेटीचा खालचा स्क्रू जरासा सैल करावा. आधी पाण्याचे थेंब पडले किंवा तेल दुधाच्या चहासारखं निघालं, तर सील गेलं समजावं. चुंबकाच्या स्क्रूवर करड्या रंगाची बारीक पेस्ट असली तर घाबरायचं कारण नाही. धातूच्या चकत्या किंवा कपच्या दिसल्या, तर गिअरच्या दात्यांना मार बसलाय.

इंजिन तारस्वरात ओरडतंय आणि बोट जागची हलत नाही, ही तक्रार वेगळी. लहान मशीनमध्ये शिअर पिन तुटते. ती तुटण्यासाठीच असते, दोन जादा पिना बोटीत हव्यातच. मोठ्या पंख्याच्या पोटात रबर असतं, ते धक्क्याने सुटतं आणि पंखा आतल्या आत घसरतो. मधल्या नळीपासून पंख्यापर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढून बोट जोरात चालवावी. रेघ तुटली तर रबर गेलं.

मागच्या फळीकडे मात्र फारसं कुणी बघत नाही. फायबरला बारीक चीर आहे का, शिकंजे ढिले झालेत का, मशीन उचलायचा खटका धरतो का, हे हात लावून पाहायचं. इंजिन थंड करणाऱ्या पाण्याची धार पूर्वीसारखी येते का तेही. गाळात घुसलेल्या मशीनच्या पाणी ओढायच्या जाळ्या बुजतात आणि डोकं तापतं. धडकेत इंजिन एकदम थांबलं असेल आणि आता उलटं फटकत असेल, तर फ्लायव्हीलची चावी कापली गेली असण्याचा संशय घ्यावा. हे काम मेस्त्रीचं. तोवर वल्ही बोटीतच ठेवावीत.