हाकाताचं रामेन आणि वाया गेलेली पाच मिनिटं

ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. थोडा कापलाय, बाकी बोललो तसाच. फक्त आमच्या घरच्यांना फॉरवर्ड करू नका प्लीज, कारण यात डुकराचं मांस आहे.

तर, जपान ट्रिपचे शेवटचे दोन दिवस आम्ही फुकुओकाला होतो. हाकाता हा याच शहराचा भाग, आणि इथलं रामेन म्हणजे तोनकोत्सू. 'तोन' म्हणजे डुक्कर, 'कोत्सू' म्हणजे हाड. बायको आजवर चिकनच्या पुढे गेलेली नव्हती. पण म्हणाली, "इतक्या लांब आलोय, तर तुझ्यासाठी एक बाऊल खाईन. एकच हं!"

दारातल्या मशीनमधून कुपनं काढली, काउंटरवर बसलो, आणि दोन मिनिटांत बाऊल समोर. मी काय केलं? मोबाईल काढला. वरून व्हिडिओ, बाजूनं व्हिडिओ, आणि वर बायकोला लेक्चर: सूप दुधासारखं पांढरं का?

लेक्चर तुम्हालाही देतो, कारण ते बरोबर होतं. आपण पाया सूप मंद आचेवर ठेवलं तर ते बऱ्यापैकी नितळ राहतं. इथे मात्र हाडं तासन् तास खळखळ उकळतात. हाडांतल्या कोलॅजेनचं जिलेटिन होतं, चरबीचे बारीक बारीक थेंब होतात, आणि जिलेटिन त्यांना परत एकत्र येऊ देत नाही. त्या थेंबांवरून प्रकाश विखुरतो, म्हणून सूप पांढरं दिसतं. दूध घालत नाहीत.

एवढं होईपर्यंत बायकोनं पहिला घास घेतला. "अरे, ही तर झाकून विसरलेली मॅगी झालीय!"

चूक दुकानाची नव्हती. रामेनच्या पिठात कानसुई नावाचा अल्कधर्मी क्षार असतो, आपल्या पापडखाराचा भाऊबंदच. त्यानं नूडल्सना चिवटपणा येतो. पण हाकाताच्या नूडल्स बारीक, सरळ असतात आणि पिठात पाणी खूप कमी, पिठाच्या वजनाच्या साधारण २५ ते ३० टक्के. अशी कोरडी नूडल गरम सूपमध्ये पडली की पाणी शोषतच राहते. सापोरोच्या मिसो रामेनमधल्या जाड, नागमोडी नूडल्समध्ये पाणी जास्त असतं, त्या जरा दम धरतात. तिथे फोटो काढलात तर चालून जाईल.

मग इतक्या बारीक का? याचं उत्तर नागाहामाच्या मासळी बाजारात आहे. तिथल्या घाईतल्या लोकांना पटकन खायला हवं होतं आणि बारीक नूडल पटकन शिजते. मऊ पडू नये म्हणून एका वेळी थोडीच वाढायची आणि संपली की नुसत्या नूडल्स पुन्हा मागवायच्या. यालाच काएदामा म्हणतात. किती कडक हव्या तेही सांगायचं: 'काता' म्हणजे कडक, 'बारीकाता' त्याहून कडक, आणि 'हारीगाने' म्हणजे शब्दशः तार. ती मी मागवली नाही.

हे सगळं मला माहीत होतं. वाचून गेलो होतो ना! तरी पाच मिनिटं घालवलीच, आणि ती पण तिच्या 'एकच' बाऊलची. ती काही बोलली नाही, त्यामुळे मला जास्त वाईट वाटलं.

मग तिनंच शेजारच्या आजोबांचं बघून हात वर केला. "काएदामा, काता!" वाफाळत्या नूडल्स आल्या, तिनं सूपमध्ये टाकल्या आणि आजोबांसारखाच सुर्रर्र आवाज करत एका दमात संपवल्या. नव्या नूडल्सबरोबर पाणी येतं, सूप पातळ होतं, म्हणून काउंटरवर खारट 'तारे'ची बाटली असते. तीही तिनं विचारून घेतली.

मला काही काएदामा मिळाला नाही. त्यासाठी बाऊलमध्ये सूप शिल्लक लागतं, आणि मी लेक्चर देता देता ते सगळं पिऊन टाकलं होतं.