दिवाळीचे नवे पोहे आणि हळव्या भाताची कापणी

दक्षिण कोकणात नरक चतुर्दशीला पहाटे अंघोळ झाली, तुळशीपुढे कारीट फोडले की घरोघर पोह्यांचा फराळ होतो. दूधपोहे, ताकातले पोहे, गूळखोबऱ्याचे गोड पोहे, तिखट पोहे असे प्रकार मांडून शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावतात. गोव्यातही हीच चाल आहे. हे पोहे नव्या भाताचे असावेत असा मान आहे. अलीकडे मात्र बऱ्याच घरी ते दुकानातून येतात. कारण विचारले तर 'घरच्या भाताचा चुरा होतो' असे उत्तर मिळते.

हा दोष बहुधा कुटणाऱ्या हाताचा नसून कापणीच्या वेळेचा असतो.

पोह्यांसाठी भात रात्रभर गरम पाण्यात भिजत घालतात, सकाळी निथळून खापरात भाजतात आणि दाणे तडतडू लागताच गरम असतानाच वायनात कुटतात. भिजलेल्या दाण्यातील पिष्ट उष्णतेने शिजून मऊ होते, म्हणून दाणा न फुटता चपटा होतो. घाणा निवला की तोच दाणा कडक होऊन फुटतो. म्हणून थोडे थोडे भाजावे. परंतु दाण्याला आधीच बारीक चिरा असतील तर कितीही निगुतीने कुटले तरी कणीच पडते. पीक जास्त पिकून शेतात उभे राहिले आणि रात्री दवाने भिजून दिवसा उन्हात तापत राहिले, की अशा चिरा जातात.

कर्जत १८४, रत्नागिरी १ यांसारख्या हळव्या जाती साधारण १०० ते ११५ दिवसांत तयार होतात. जूनच्या मध्यास रोप टाकले तर पीक ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच कापणीस येते. दिवाळी ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत केव्हाही येते. ती लवकर आली तर पोह्यांना हळवेच भात हाती असते, गरवे नाही. उशिरा आली तरी सणाची वाट पाहत पीक उभे ठेवू नये.

लोंबीतील ८० ते ९० टक्के दाणे पिवळे झाले की कापणी करावी. त्यापूर्वी ८ ते १० दिवस खाचरातील पाणी काढून टाकावे. परतीचा पाऊस हा खरा धोका आहे. २०१९ साली ऐन दिवाळीत क्यार चक्रीवादळाच्या पावसाने कोकणात भात आडवे झाले. असे भिजलेले दाणे लोंबीतच मोड धरतात. मोड आलेल्या दाण्यातील पिष्टाची साखर होऊ लागते, त्याचे पोहे चिकट होतात व तुटतात. ते भात बियाण्यालाही निरुपयोगी. म्हणून उघडीप मिळताच पोह्यांपुरता एक चोंढा तरी आधी कापून घ्यावा. भात खळ्यावर पातळ पसरून, वरचेवर हलवून वाळवावे.

कुटलेले पोहे पाखडून सावलीत चांगले सुकवावेत, मगच डब्यात भरावेत. ओलसर राहिल्यास त्यांना बुरशी येते.