दात तीनच पडलेत, मग कवळी अख्ख्या टाळूवर का?

प्रत्येक नात्यागोत्यात असं कुणीतरी असतंच. दात काढले, कवळी करून घेतली, आठवडाभर लावली आणि मग ती गेली कपाटातल्या डबीत. विचारलं तर उत्तर ठरलेलं : "टाळूवर काहीतरी चिकटल्यासारखं वाटतं. नीट बोलता येत नाही, जेवणाची मजा जाते." आणि पाठोपाठ तक्रार, की दात तर तीनच गेलेत, मग डॉक्टरांनी तोंडात एवढा पत्रा कशाला बसवला?

तक्रार रास्त आहे. कारण तो 'पत्रा' म्हणजे कवळीतला सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग. (इथे टाळू म्हणजे तोंडाचं छत, डोक्यावरची टाळू नव्हे.) काढता-घालता येणाऱ्या अर्ध्या कवळीत डावी बाजू आणि उजवी बाजू यांना जोडणाऱ्या या भागाला दंतवैद्यक 'मेजर कनेक्टर' म्हणतं. तो कुठून जातो, किती रुंद आहे, कुठे संपतो, यावर दोन गोष्टी ठरतात : माणूस कवळी लावणार की डबीत ठेवणार, आणि उरलेले दात टिकणार की नाही. दुसरी गोष्ट सहसा कुणी सांगत नाही.

एका बाजूचे दात गेले, तर दुसऱ्या बाजूला कशाला जायचं?

बैलगाडीचं जू आठवा. ते ताठ असतं, म्हणून ओझं दोन्ही बैलांवर वाटलं जातं. जू लवचिक काठीचं केलं तर ज्या बाजूला ओढ जास्त, तोच बैल मरतो. कवळीचंही तसंच. घास डावीकडे चावला तरी त्याचा जोर उजवीकडच्या दातांपर्यंत, हिरडीपर्यंत आणि टाळूपर्यंत पसरला पाहिजे. म्हणून या जोडाची पहिली अट ताठपणा. बाकी सगळं नंतर. जोड वाकला तर जोर एखाद-दुसऱ्या दातावर एकवटतो, तो दात हळूहळू हलायला लागतो आणि वर्षा-दोन वर्षांत कवळीत एक दात वाढवायची वेळ येऊ शकते.

फक्त एका बाजूला बसणारी चिमुकली कवळी दिसायला छान वाटते. पण ती सहज कलंडते, निसटते आणि गिळली जाऊ शकते. श्वासनलिकेत गेली तर प्रकरण जिवावर बेततं.

मग काहींना बारीक पट्टी आणि काहींना अख्खी प्लेट, असं का?

कारण कवळी नेमकी कशावर टेकते, ते प्रत्येकाचं वेगळं असतं. अमेरिकी दंतवैद्य एडवर्ड केनेडी यांनी 1925 मध्ये दात कुठे पडले आहेत यावरून तोंडाचे चार वर्ग पाडले. ती विभागणी आजही वापरली जाते. त्यातले दोन वर्ग समजले तरी आपलं काम भागतं.

पहिल्या प्रकारात मधले दात गेलेत, पण मागची दाढ शाबूत आहे. फटीच्या दोन्ही टोकांना दात आहेत, म्हणजे पुलाला दोन्हीकडे खांब आहेत. चावण्याचा जोर खांबांवर जातो, टाळूने भार घ्यायची फारशी गरज नसते. इथे टाळूच्या मधोमध आडवी जाणारी एक पट्टी पुरते. ती साधारण 8 मिलिमीटर किंवा त्याहून रुंद आणि पातळ असते. याहून अरुंद केली तर ताठपणासाठी ती जाड करावी लागते, आणि जाड दांडी जिभेला सतत खुपते. ऐकायला उलटं वाटेल, पण तोंडात रुंद-पातळ पट्टी अरुंद-जाड दांडीपेक्षा जास्त सुखाची असते.

दुसऱ्या प्रकारात दोन्हीकडच्या मागच्या दाढा गेलेल्या असतात. खांब फक्त पुढे, मागे नुसती हिरडी. इथेच खरी पंचाईत. दात दाबाखाली मिलिमीटरच्या अगदी लहानशा अंशाने खचतो, हिरडी त्याच्या कितीतरी पट. त्यामुळे प्रत्येक घासाला कवळीचं मागचं टोक खाली-वर होतं आणि पुढच्या दातांना हिसका बसतो. उपाय काय? चिखलात टाचेवर उभं राहिलं तर पाय रुततो, फळी टाकली तर रुतत नाही. तसाच जोर टाळूच्या मोठ्या भागावर पसरवायचा. म्हणून उरलेले दात थोडे असतील तेव्हा रुंद प्लेट लागते. तीन दातांसाठी अख्खा टाळू झाकला असेल, तर ते तीन दात कुठले आणि उरलेले किती भक्कम, हे आधी पाहायला हवं.

या दोन टोकांच्या मध्ये एक चांगला पर्याय आहे : पुढे एक पट्टी, मागे एक पट्टी, दोन्ही कडांनी जोडलेल्या, आणि मधे टाळू मोकळा. ही चौकट थोड्या धातूत भरपूर ताठ असते. मधली मोकळी जागा मात्र किमान 15 मिलिमीटर तरी असावी, नाहीतर ती ठेवून फायदा काय.

घोड्याच्या नालेचा मोह

टाळूचा मागचा भाग पूर्ण मोकळा सोडणारा नालेसारखा आकार रुग्णांना फार आवडतो. उबळ कमी येते ना. पण एक प्रयोग करा. जुनं व्हिजिटिंग कार्ड घेऊन त्यातून नाल कापा आणि तिची दोन टोकं बाहेर ओढा. सहज फाकतात. दुसऱ्या कार्डातून मधे भोक असलेली पूर्ण चौकट कापा आणि तसंच करा. हलत नाही. नालेसारखा जोड ताठ करायचा तर तो पुढच्या बाजूला जाड करावा लागतो, आणि नेमकी तीच जागा जिभेला बोलायला लागते.

तरीही हा आकार कधीकधी घ्यावाच लागतो. काहींच्या टाळूच्या मध्यावर हाडाचा उंचवटा असतो. तो निरुपद्रवी असतो, पण त्यावरची त्वचा पातळ, त्यामुळे कवळी टेकली की सोलवटते. उंचवटा फार मागेपर्यंत पसरलेला असेल आणि शस्त्रक्रियेने काढायचा नसेल, तर नाल हाच मार्ग उरतो. एरवी त्याला वळसा घालणारी चौकट बरी.

'ळ' म्हणून बघा

मोठ्याने 'ळ' म्हणा. जीभ मागे वळून टाळूला टेकते. आता 'चमचा' म्हणा. जीभ वरच्या दातांच्या किंचित मागे लागते. आपल्या व्याकरणात वर्णांना दंत्य, तालव्य, मूर्धन्य अशी नावं आहेत, ती याच जागांवरून. पुढच्या दातांमागे बोटाला आडव्या सुरकुत्या लागतात, तिथे जीभ दिवसभर ये-जा करते. म्हणून पट्टी शक्यतो या सुरकुत्यांच्या मागे ठेवतात. तिथून न्यावीच लागली तर तिची कड दोन सुरकुत्यांमधल्या खोलगट जागेत संपवतात, उंचवट्यावर नाही. तरी सुरुवातीला 'स' जरा घसरतो. रोज दहा मिनिटं मोठ्याने पेपर वाचला की बहुतेकांची जीभ नवी वाट शिकते.

मागची कड कुठे संपवायची? 'आ' म्हटल्यावर टाळूचा जो मऊ भाग हलतो, त्याच्या अलीकडे. त्यावर गेली की ओकारी ठरलेली.

आणि हिरडी? नियम साधा आहे. जोडाची कड दातांच्या हिरडीपासून किमान 6 मिलिमीटर लांब हवी. ते जमत नसेल तर सरळ दातावर चढवावी. अधेमधे, हिरडीच्या काठाला घासत संपणारी कड सगळ्यात वाईट, कारण तिथे अन्न अडकतं, हिरडी सुजते आणि दाताचा आधार जातो.

अ‍ॅक्रिलिक की धातू?

गुलाबी अ‍ॅक्रिलिकची प्लेट ताठ राहायला सुमारे 2 मिलिमीटर जाड लागते. कोबाल्ट-क्रोमियमचा ओतीव सांगाडा अर्धा मिलिमीटर पुरतो. वर तो टाळूच्या उंचसखल आकाराबरहुकूम ओतला, तर पन्हळी पत्र्यासारखा पातळ असूनही वाकत नाही. धातूतून गरम-गारही लगेच कळतं, त्यामुळे चहा चहासारखा लागतो. अ‍ॅक्रिलिक वाईट नाही. दात नुकते काढलेत, जखम भरायची आहे, पुढचं ठरायचंय, तेव्हा तेच योग्य आणि स्वस्तही. पण 'तात्पुरती' म्हणून दिलेली कवळी दहा वर्षं वापरणारे लोक कमी नाहीत. दातांवर टेकायला धातूचे आधार नसतील, तर अशी कवळी हिरडीत रुतत जाते.

रील्समध्ये बोटाने वाकवून दाखवतात ती फ्लेक्सिबल कवळी? दिसायला सुंदर, तारा दिसत नाहीत. पण जू आठवा. जी गोष्ट जाहिरातीत गुण म्हणून दाखवतात, तीच या जोडाच्या पहिल्या अटीविरुद्ध आहे. एक-दोन दातांसाठी ठीक, मागच्या दाढा नसलेल्या तोंडात मी तरी ती टाळेन.

कवळी कुठलीही असो, रात्री काढून पाण्यात ठेवायची. झाकलेल्या टाळूवर बुरशी वाढते आणि टाळू लालभडक होतो. दुखत नसल्यामुळे ते बरेच दिवस कळतही नाही.

ओतीव कवळीचा आराखडा लॅबमध्ये धातू ओतण्याआधी प्लास्टरच्या साच्यावर पेन्सिलीने काढतात. अनेकदा तो लॅबवरच सोडला जातो. तुमच्या डॉक्टरांना तो साचा दाखवायला सांगा. पट्टी कुठून जाणार आणि तिथूनच का, हे विचारा. तुमच्या टाळूवर उंचवटा असेल, किंवा ब्रश आत गेला की उबळ येत असेल, तर तेही याच भेटीत सांगा. पेन्सिलीची रेघ खोडता येते, ओतलेला धातू नाही.