ऑक्युपाय वॉल स्ट्रीट

ऑक्युपाय वॉल स्ट्रीट (शब्दशः अर्थ: वॉल स्ट्रीटचा ताबा घ्या) हे आर्थिक विषमता, बड्या कंपन्यांची नफेखोरी आणि राजकारणावरील धनशक्तीचा प्रभाव यांविरुद्ध अमेरिकेतील न्यू यॉर्क शहरात झालेले ठिय्या आंदोलन होय. १७ सप्टेंबर २०११ रोजी मॅनहॅटनच्या दक्षिण भागातील झुकोटी पार्क येथे त्याची सुरुवात झाली. १५ नोव्हेंबर २०११ रोजी पोलिसांनी तेथील तळ हटवला. ‘आम्ही ९९ टक्के आहोत’ ही या आंदोलनाची घोषणा जगभर पोहोचली. आंदोलनाने सरकारपुढे मागण्यांची निश्चित यादी ठेवली नाही. हेच त्याचे सामर्थ्य होते की दौर्बल्य, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.

नाव

न्यू यॉर्क शेअर बाजार वॉल स्ट्रीट या रस्त्यालगत आहे. मुंबईतील ‘दलाल स्ट्रीट’ या नावाने जसा भारतीय शेअर बाजार सूचित होतो, त्याचप्रमाणे ‘वॉल स्ट्रीट’ या नावाने अमेरिकेतील बँका, दलाली पेढ्या व गुंतवणूक संस्था यांचा एकत्रित निर्देश केला जातो.

पार्श्वभूमी

२००० नंतरच्या दशकात अमेरिकेतील बँकांनी परतफेडीची क्षमता संशयास्पद असलेल्या अनेक ग्राहकांना गृहकर्जे दिली. या कर्जांचे एकत्रीकरण करून त्यांवर आधारित रोखे जगभरच्या गुंतवणूकदारांना विकण्यात आले. घरांच्या किमती घसरू लागल्यावर हप्ते थकले आणि रोख्यांचे मूल्य कोसळले. १५ सप्टेंबर २००८ रोजी लेहमन ब्रदर्स या गुंतवणूक बँकेने दिवाळखोरी जाहीर केली. पुढच्याच महिन्यात अमेरिकी काँग्रेसने वित्तसंस्थांना सावरण्यासाठी ७०० अब्ज डॉलरपर्यंतच्या निधीस मंजुरी दिली. मोठ्या बँकांनी घेतलेली रक्कम पुढे परत केली. परंतु ज्या कुटुंबांच्या घरांवर जप्ती आली, त्यांना तसा आधार मिळाला नाही. ऑक्टोबर २००९ मध्ये बेरोजगारीचा दर १० टक्के झाला. आंदोलन सुरू झाले तेव्हाही तो सुमारे ९ टक्के होता. नफा खासगी आणि तोटा मात्र सार्वजनिक, ही भावना आंदोलनाच्या मुळाशी होती.

जानेवारी २०१० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘सिटिझन्स युनायटेड’ खटल्यात कंपन्यांच्या स्वतंत्र निवडणूक प्रचारखर्चावरील बंधने घटनाबाह्य ठरवली. धनिकांचा आवाज यामुळे अधिक मोठा होईल, अशी भीती व्यक्त झाली. या निर्णयाविरुद्धचा रोषही आंदोलनात प्रकट झाला.

‘९९ टक्के’ म्हणजे काय

ही घोषणा उत्पन्नाच्या वाटणीकडे निर्देश करते. अमेरिकी काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयाने ऑक्टोबर २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार १९७९ ते २००७ या काळात सर्वांत श्रीमंत १ टक्का लोकांचे करोत्तर उत्पन्न महागाई वजा जाता २७५ टक्क्यांनी वाढले. सर्वांत गरीब २० टक्के लोकांच्या उत्पन्नात याच काळात केवळ १८ टक्के वाढ झाली.

शंभर माणसांच्या एका गावाचे एकूण उत्पन्न १०० रुपये मानले, तर १९७९ मध्ये सर्वांत श्रीमंत माणसाकडे त्यातील सुमारे ८ रुपये जात होते. २००७ मध्ये सुमारे १७ रुपये जाऊ लागले. उरलेले ९९ जण पूर्वीपेक्षा गरीब झाले, असा याचा अर्थ नव्हे. गावाचे एकूण उत्पन्नही वाढले होते. मात्र त्या वाढीचा फार मोठा हिस्सा एकाच्या पदरात पडला. अर्थतज्ज्ञ जोसेफ स्टिग्लिट्झ यांनी मे २०११ मध्ये एका लेखातून याच ‘१ टक्क्या’कडे लक्ष वेधले होते. त्या वर्षी ऑगस्टमध्ये सुरू झालेल्या एका संकेतस्थळावर सामान्य लोक आपली शैक्षणिक कर्जे, औषधोपचारांची देयके व गेलेल्या नोकऱ्या यांची हकिगत कागदावर लिहून त्या कागदासह स्वतःचे छायाचित्र प्रसिद्ध करीत. त्यातून ही घोषणा घरोघरी पोहोचली.

सुरुवात व जागेचा प्रश्न

कॅनडातील व्हँकुव्हर येथून निघणाऱ्या ‘ॲडबस्टर्स’ या नियतकालिकाने जुलै २०११ मध्ये आंदोलनाचे आवाहन केले. वॉल स्ट्रीटजवळील ब्राँझच्या बैलाच्या पाठीवर नृत्य करणारी नर्तिका, असे त्याचे भित्तिपत्रक होते. कैरोतील तहरीर चौक आणि स्पेनमधील १५ मेचे आंदोलन ही प्रेरणास्थाने होती.

१७ सप्टेंबरला निदर्शक जमले तेव्हा पोलिसांनी ठरलेल्या जागा अडवल्या होत्या, म्हणून ते झुकोटी पार्ककडे वळले. ही निवड निर्णायक ठरली. महापालिकेची उद्याने रात्री बंद होतात. परंतु झुकोटी पार्क खासगी मालकीचे आहे. शेजारील इमारतीस वाढीव बांधकामाची परवानगी देताना नगर प्रशासनाने ही जागा जनतेसाठी मोकळी ठेवण्याची अट घातली होती. त्यामुळे ती चोवीस तास खुली असे, आणि मालक कंपनीने तक्रार केल्याशिवाय लोकांना तेथून हटवणे पोलिसांना अवघड होते. कंपन्यांविरुद्धच्या आंदोलनाला एका कंपनीच्या जागेतच आश्रय मिळाला.

कार्यपद्धती

आंदोलनाला अधिकृत नेता नव्हता. निर्णय रोजच्या आमसभेत शक्यतो सर्वसहमतीने होत. संमती, विरोध किंवा शंका दर्शवण्यासाठी हातांच्या खुणा ठरलेल्या होत्या. ध्वनिक्षेपकास परवानगी नसल्याने ‘जनतेचा ध्वनिक्षेपक’ ही पद्धत रूढ झाली. वक्ता एक छोटे वाक्य बोले. जवळचे लोक ते एकसुरात मोठ्याने उच्चारीत आणि अशा रीतीने ते मागच्यांपर्यंत पोहोचे. वक्त्याला त्यामुळे थोडक्यात बोलावे लागे आणि न पटणारे विधानही श्रोत्यांना स्वतःच्या तोंडाने उच्चारावे लागे.

तळावर स्वयंपाकघर, प्रथमोपचार केंद्र, स्वच्छता गट आणि देणगीतून जमलेल्या ५,०००हून अधिक पुस्तकांचे ग्रंथालय होते. २९ सप्टेंबर रोजी आमसभेने एक जाहीरनामा स्वीकारला. त्यात घरांवरील जप्त्या, कामगारांचे हक्क, शैक्षणिक कर्जे इत्यादींविषयी कंपन्यांवरील आरोपांची यादी होती, मागण्या नव्हत्या. मानववंशशास्त्रज्ञ डेव्हिड ग्रेबर यांच्यासह अनेक सहभागींच्या मते मागणी करणे म्हणजे त्या व्यवस्थेचा अधिकार मान्य करणे होय.

प्रसार

१ ऑक्टोबर रोजी ब्रुकलिन पुलावर ७००हून अधिक निदर्शकांना अटक झाली आणि वृत्तमाध्यमांचे लक्ष आंदोलनाकडे वळले. ५ ऑक्टोबरच्या मोर्चात कामगार संघटनाही सहभागी झाल्या. १५ ऑक्टोबर रोजी अनेक देशांतील शेकडो शहरांत निदर्शने झाली. कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे २ नोव्हेंबरला निदर्शकांनी बंदराचे कामकाज थांबवले. लंडनमध्ये शेअर बाजारासमोरील चौक खासगी मालकीचा असल्याने तो न्यायालयाच्या आदेशाने बंद करण्यात आला होता. तेथील आंदोलकांनी शेजारच्या सेंट पॉल कॅथेड्रलसमोर तंबू ठोकले. तो तळ फेब्रुवारी २०१२ पर्यंत टिकला.

तळ हटवण्याची कारवाई

१५ नोव्हेंबरच्या मध्यरात्रीनंतर पोलिसांनी झुकोटी पार्क रिकामे केले. आरोग्य व सुरक्षितता ही कारणे महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनी दिली. त्याच दिवशी न्यायालयाने लोकांना परत येण्यास मुभा असली तरी तंबू ठोकता येणार नाहीत, असा निर्णय दिला. कारवाईत ग्रंथालयाची पुष्कळ पुस्तके नष्ट झाली. त्याबद्दल २०१३ मध्ये शहराने तडजोडीने नुकसानभरपाई दिली.

वित्तक्षेत्राचा प्रतिसाद

वित्तक्षेत्रातील प्रतिक्रिया संमिश्र होत्या. सिटीग्रुपचे तत्कालीन मुख्य कार्यकारी अधिकारी, नागपुरात जन्मलेले विक्रम पंडित यांनी ऑक्टोबर २०११ मध्ये निदर्शकांच्या भावना समजण्याजोग्या असल्याचे सांगून त्यांच्याशी बोलण्याची तयारी दर्शवली. सिटीग्रुपने २००८च्या संकटात ४५ अब्ज डॉलरचे सरकारी साहाय्य घेतले होते. एप्रिल २०१२ मध्ये याच बँकेच्या भागधारकांनी पंडित यांच्या सुमारे १.५ कोटी डॉलरच्या वेतनाविरुद्ध बहुमताने कौल दिला. हे मतदान सल्लास्वरूप होते आणि ते आंदोलकांनी घडवून आणले नव्हते. परंतु उच्चपदस्थांच्या वेतनाचा प्रश्न कंपन्यांच्या सभांतही उपस्थित होऊ लागल्याचे ते द्योतक होते.

टीका

निश्चित मागण्या नसल्याने आंदोलनाला वाटाघाटी करता आल्या नाहीत, असा मुख्य आक्षेप घेतला जातो. सहमतीच्या आग्रहामुळे आमसभा लांबत आणि दिवसभर नोकरी करणाऱ्यांना त्यांत टिकून राहणे कठीण होई. ‘९९ टक्के’ या शब्दात सुस्थित डॉक्टर आणि बेघर मजूर एकत्र येतात आणि वर्ण व वर्गभेद झाकले जातात, हीही टीका झाली. उजव्या विचारांच्या टीकाकारांनी आंदोलनास वर्गद्वेषाचे रूप म्हटले.

परिणाम

आंदोलनातून एकही मोठा कायदा थेट निर्माण झाला नाही आणि संकटाशी संबंधित बड्या अमेरिकी बँकांच्या प्रमुखांपैकी कोणालाही तुरुंगवास झाला नाही. केंद्रीय किमान वेतन २००९ पासून ताशी ७.२५ डॉलरच राहिले. तथापि सार्वजनिक चर्चेचा विषय बदलला. राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी ६ डिसेंबर २०११ रोजी कॅन्ससमधील भाषणात विषमता हा मध्यवर्ती विषय केला. नोव्हेंबर २०१२ मध्ये न्यू यॉर्कच्या फास्ट फूड कामगारांनी ताशी १५ डॉलर वेतनासाठी संप केला. २०१६ मध्ये न्यू यॉर्क व कॅलिफोर्निया राज्यांनी त्या दिशेने टप्प्याटप्प्याने वाढीचे कायदे केले. बर्नी सँडर्स यांच्या २०१६च्या प्रचारातही ‘१ टक्का’ हा शब्दप्रयोग वारंवार आला.

आंदोलनातील काही गटांनी प्रत्यक्ष साहाय्याचे कार्य केले. ऑक्टोबर २०१२ मधील सँडी चक्रीवादळानंतर त्यांनी अन्न व कपडे वाटले. थकलेली कर्जे वसुली कंपन्यांना अत्यल्प किमतीस विकली जातात, हे ध्यानात घेऊन एका गटाने देणग्या जमवून तशीच कर्जे विकत घेतली आणि ती माफ केली. २०१३च्या अखेरीपर्यंत सुमारे ४ लाख डॉलरमध्ये जवळपास १.५ कोटी डॉलरची वैद्यकीय कर्जे अशा रीतीने रद्द झाली. ज्या बाजाराविरुद्ध आंदोलन उभे राहिले, त्याच बाजाराचा नियम येथे कर्जदारांच्या सुटकेसाठी वापरला गेला.