कला शाखा : विद्येचा पाया

बारावीचा निकाल लागला की बोनकोडे परिसरातील अनेक घरांत एकच प्रश्न ऐकू येतो : कला शाखेत जाऊन काय मिळणार? त्याचा येथे थोडक्यात विचार करू.

मध्ययुगीन युरोपातील विद्यापीठांत व्याकरण, तर्क, वक्तृत्व, अंकगणित, भूमिती, संगीत व खगोल या ७ विद्या प्रथम शिकविल्या जात. धर्मशास्त्र, कायदा व वैद्यक त्यानंतर. कला हा उरलेल्यांचा मार्ग नव्हता, तो पाया होता.

मुंबईचे सेंट झेवियर्स महाविद्यालय येशूसंघीयांनी १८६९ साली सुरू केले. तेथील इतिहासाचे प्राध्यापक फादर हेन्री हेरास या स्पॅनिश धर्मगुरूंनी १९२६ साली इतिहास-संशोधन संस्था स्थापिली. शिलालेख, नाणी व मूर्ती तपासून विद्यार्थ्याने स्वतः निष्कर्ष काढावा, ही त्यांची शिस्त. त्यांचे शिष्य जॉर्ज मोराईस यांचा कदंब घराण्यावरील ग्रंथ १९३१ साली प्रसिद्ध झाला. सिंधू लिपीचे फादरांनी केलेले वाचन मात्र विद्वानांनी मान्य केले नाही. पुराव्यापुढे गुरूचे मतही तपासले जाते, हाच या शिक्षणाचा धडा होय.

तेथील विद्यार्थिजीवन केवळ वर्गापुरते नाही. ‘मल्हार’ महोत्सव विद्यार्थीच उभा करतात. दृष्टिहीनांसाठी २००३ पासून स्वतंत्र साहाय्य केंद्र आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शाखांमधील भिंती सैल केल्या आहेत. म्हणून पालकांना आमची विनंती आहे : कोपरखैरण्याहून गाडी धरणाऱ्या आपल्या मुलाला गुणपत्रिकेबरोबर त्याची आवडही विचारा. नोकरीची चिंता रास्त आहे. परंतु वाचणे, पारखणे व नेमके मांडणे ही कौशल्ये प्रत्येक व्यवसायात लागतात.