कान तयार होताना

‘पूर्वी काहीही ऐकायचो, आता फक्त शास्त्रीय’, असं पन्नाशी ओलांडलेली माणसं सहज बोलून जातात. या बोलण्यात पूर्वीच्या गाण्यांवर थोडा अन्याय होतो. मराठी घरातल्या श्रोत्याचं ऐकणं गेल्या सत्तर वर्षांत कसं घडत गेलं हे पाहिलं, तर जुनं गाणं सहसा सुटलेलं दिसत नाही. त्याच गाण्यात आधी जे ऐकू येत नव्हतं, ते हळूहळू ऐकू येऊ लागतं.

आवड वरून लादून पाहण्याचा एक मोठा प्रयोग आपल्याकडे झाला. १९५२ साली बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून हिंदी चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली. जनतेची रुची शास्त्रीय संगीतावर घडावी, हा त्यांचा हेतू प्रामाणिक होता. लोकांनी मात्र रेडिओचा काटा सिलोनकडे वळवला आणि अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ घराघरांत पोहोचली. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू करावी लागली.

त्याच काळात, त्याच आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर जे घडलं ते मला फार मोलाचं वाटतं. १ एप्रिल १९५५च्या रामनवमीला ‘गीतरामायण’ सुरू झालं. आठवड्याला एक याप्रमाणे ५६ गीतं झाली. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाली सुधीर फडक्यांच्या. कुणालाही राग शिकवायचा त्यात हेतू नव्हता. लोक रामकथा ऐकायला बसत आणि उठताना भूप, जोगिया, भैरवी कानात घेऊन उठत.

त्यातलं पहिलंच गीत भूपाच्या अंगाने जाणारं आहे. सा, रे, ग, प, ध एवढेच पाच स्वर; मध्यम आणि निषाद वर्ज्य. दहाव्या वर्षी मुलाला त्यात गोष्ट ऐकू येते: कुश-लव गाताहेत आणि समोर राम बसला आहे. विशीत चाल आवडते, ती गुणगुणली जाते. पुढे कधीतरी किशोरी आमोणकरांचा भूप कानावर पडतो. पहिल्यांदा बहुतेकांना तो लांबतो आहे असंच वाटतं, कारण कान पुढचे शब्द शोधत असतो. दहा-बारा वेळा ऐकल्यावर कधीतरी लक्षात येतं की सगळी वाट गंधाराकडे जाते आहे, तिथे विसावते आहे, पुन्हा निघते आहे. मग आवर्तन पोटात मोजलं जाऊ लागतं आणि समेवर मान आपोआप हलते. त्याही पुढची पायरी देशकाराची. स्वर तेच पाच, पण तिथे राज्य धैवताचं. सुरुवातीला दोन्ही राग एकच वाटतात. वेगळे ऐकू यायला कित्येकांना वर्षं लागतात. एकदा ते वेगळे झाले, की फडक्यांची ती ओळखीची चालही नवी वाटू लागते. फडक्यांनी कुठे थांबायचं ठरवलं होतं, ते आता कळतं.

तरुणपणीची गाणी उरात जपली जातात, हेही तितकंच खरं. होल्ब्रूक आणि शिंडलर या अमेरिकी संशोधकांनी १९८९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. वेगवेगळ्या वयाच्या लोकांना त्यांनी १९३२ ते १९८६ या काळातली लोकप्रिय गाणी ऐकवली, तेव्हा वयाच्या साधारण तेविसाव्या-चोविसाव्या वर्षाच्या सुमाराची गाणी सर्वांत आवडती ठरली. लोकप्रिय गाण्यांपुरतं हे मला पटतं. कॉलेज, प्रेम, पहिली नोकरी, सगळं त्या गाण्यांना चिकटलेलं असतं. ख्यालाची ओळख मात्र अनेकांना उशिरा होते. त्याला सलग पाऊण तास लागतो आणि बहुधा शेजारी जाणता माणूसही लागतो.

गवयाचीही आवड अशीच फिरत असते. कुमार गंधर्व लहानपणी मोठमोठ्या गायकांच्या तबकड्या हुबेहूब गात. क्षयाच्या आजारात देवासला पडून असताना गाणं बंद होतं, तेव्हा माळव्याची लोकगीतं त्यांच्या कानावर पडत राहिली आणि त्यांतून पुढे धुनउगम राग आले. तेच कुमार नंतर ‘मला उमजलेले बालगंधर्व’ घेऊन रसिकांसमोर बसले. बालगंधर्व त्यांना नवे नव्हते; उमजणं नवं होतं, आणि कार्यक्रमाचं नावच ते सांगतं.

आज मोबाइलवर एक गाणं आवडलं की त्याच्यासारखीच पुढची गाणी रांगेत येतात. कंटाळा येण्याआधीच गाणं बदलता येतं. पण वर सांगितलेला भूप पहिल्या दहा-बारा वेळांच्या कंटाळ्यातूनच उलगडतो. ती संधी हल्ली आपण कानाला देत नाही, याचं मला वाईट वाटतं. रात्री दहाच्या ध्वनिक्षेपकाच्या मर्यादेमुळे रात्रभर चालणाऱ्या मैफलीही आटल्या. सवाई गंधर्व महोत्सवात पहाटेपर्यंत बसून ज्यांचे कान तयार झाले, त्यांच्यासारखा सराव पुढच्या पिढीला सहज मिळणार नाही.

दिवाळी पहाटेचे कार्यक्रम मात्र गावोगावी वाढले आहेत. सभागृहं भरतात, तीन पिढ्या शेजारी बसतात, आणि बहुतेक ठिकाणी तीच ठरलेली नाट्यपदं नि भावगीतं होतात. ती जरूर व्हावीत. पण देशकार हा सकाळचाच राग आहे. संयोजकांनी दोन पदं कमी करून गायकाला वीस मिनिटं देशकार गाऊ द्यावा. मुलं चुळबुळ करतील, करू देत. त्यांतल्या एखाद्याच्या कानात तो धैवत राहील.