आठवडे थांबत नाहीत

२५ मार्च २०२०. कोरोना महासाथीमुळे देशभर लागलेल्या टाळेबंदीचा पहिला दिवस. नेमक्या त्याच तारखेला केंद्र सरकारने डॉक्टरांना फोन आणि व्हिडिओवरून सल्ला देण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. जनुकीय समुपदेशनाला ही वाट सहज मानवण्यासारखी होती. घराण्यातल्या आजारांची माहिती घ्यायची, अहवाल समजावून सांगायचा आणि निर्णय जोडप्यावर सोडायचा, हे काम बोलण्याचंच.

अडचण पुढे येते. नवरा-बायको दोघंही थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराचे वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता चारात एक असते. वाहक स्वतः ठणठणीत असतात. त्यामुळे पुष्कळदा हे कळतं ते बाईला दिवस गेल्यावरच्या रक्ततपासणीत. मग नवऱ्याचं रक्त, दोघांतला नेमका जनुकीय दोष शोधणं आणि साधारण अकराव्या ते तेराव्या आठवड्यात, बाळाला आजार आहे का हे कळायला, वारेचा नमुना. २०२०मध्ये गर्भपाताची कायदेशीर मर्यादा वीस आठवड्यांची होती. (ठरावीक परिस्थितीत ती चोवीसपर्यंत वाढली ती २०२१मध्ये.) सिकलसेलचीही हीच तऱ्हा. सल्ला फोनवर मिळेल, पण वारेचा नमुना घ्यायला त्या बाईला मोठं रुग्णालय गाठावंच लागतं. आणि रेल्वे-एसटी बंद असताना विदर्भातल्या किंवा नंदुरबारच्या खेड्यातून ते गाठायचं कसं?

फोनचा एक फायदा मात्र खरा. समुपदेशक वंशावळ काढतात: पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, आजार असेल तर ती खूण भरीव. दवाखान्यात ‘चुलत्याचं मूल कशाने गेलं?’ असं विचारलं की जोडपं एकमेकांकडे बघतं. घरून बोलताना आजी शेजारीच असते, तिला सगळं आठवतं. पण तीच आजी ऐकत असताना सून मोकळेपणाने बोलेल का? आजार दोघांकडून येतो, तरी बोल सुनेलाच लागतो. म्हणून फोनवर पहिला प्रश्न हवा, ‘आत्ता जवळ कोण आहे? फोन स्पीकरवर आहे का?’

हे शिकवावं लागतं. अमेरिकेत जनुकीय समुपदेशनाचा पहिला पदव्युत्तर अभ्यासक्रम सारा लॉरेन्स कॉलेजात १९६९ साली सुरू झाला; तेव्हापासून विद्यार्थी शिकतात ते मुख्यतः खऱ्या कुटुंबांसमोर बसून. महासाथीत रुग्णालयांची दारं बंद झाली, तेव्हा तिथे प्रशिक्षित नटांना रुग्ण करून पडद्यावर सराव घेतला गेला, कुटुंबाच्या संमतीने विद्यार्थी व्हिडिओ-भेटींत सामील झाले. वाईट बातमी सांगून गप्प राहणं ही या कामातली मोठी शिकवण. फोनवर तीच शांतता ‘लाइन कट झाली’ अशी वाटते. तेव्हा ‘मी ऐकतेय, सावकाश बोला’ असं म्हणायची सवय लावावी लागते.

फोनवरचं समुपदेशन महासाथीबरोबर संपू नये, असं मला ठामपणे वाटतं. पण त्याची खरी जागा गरोदरपणाच्या आधी आहे, हाताशी वेळ असतो तेव्हा. लग्न ठरवताना, निदान मूल होऊ देण्याआधी, दोघांनीही आपण वाहक आहोत का हे सांगणारी एचपीएलसी ही रक्ततपासणी करून घ्या.